पगार सरकारी तिजोरीतून, मग अभ्यास कुणाच्या मर्जीने?

वाचकाचं पत्र (थोडं आखडून, नाव-गाव वगळून):

“मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. यंदा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना फील्ड प्रोजेक्टसाठी जवळच्या तीन गावांतली शेततळी बघायला पाठवलं. सरकारी योजनेच्या यादीतले गट नंबर घेऊन मुलं शिवारभर फिरली. बरीच तळी चांगली निघाली, काहींना प्लास्टिकचं अस्तर नसल्याने जानेवारीतच तळ दिसत होता, आणि चार ठिकाणी तळंच सापडलं नाही. मुलांनी तसं लिहिलं. पंधरा दिवसांत प्राचार्यांना कुणाचा तरी फोन आला. ते मला म्हणाले, ‘मॅडम, अहवाल सध्या कपाटात राहू द्या. आपल्या रिक्त पदांची फाईल वर गेलेली आहे.’ माझे अण्णा एसटीत वाहक होते. तेही म्हणाले, ‘खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत. पगार सरकारचा घेतेस ना?’ भाऊ म्हणतो, हे सोड, खासगी विद्यापीठात ये, तिथे सरकारची कटकट नाही. सहकारी म्हणतात, विद्यापीठाच्या अधिसभेच्या (सिनेटच्या) निवडणुकीला उभी राहा. माझी झोप उडाली आहे. मी चुकले का? सरकारचा पैसा घ्यायचा आणि सरकारपासून स्वतंत्रही राहायचं, हा दुटप्पीपणा नाही का?”

ताई,

तुम्ही चुकला नाहीत. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. आणि यात दुटप्पीपणाही नाही. पैसा सरकारी तिजोरीतून यावा आणि विद्येचा निर्णय विद्येच्या लोकांनी घ्यावा, ही व्यवस्था कुणी शिक्षकांची सोय म्हणून केलेली नाही. पुष्कळ विचार करून, कायद्याने आणि जाणत्या माणसांनी ती उभी केली आहे.

सुरुवात अण्णांपासून करू, कारण फोनपेक्षा त्यांचं बोलणं तुम्हाला जास्त लागलं आहे. अण्णांनी उभी हयात वे-बिल, म्हणजे फेरीतल्या तिकिटांचा हिशेब, जुळवलं. डेपोतल्या साहेबांचा पाहुणा गाडीत चढला तर त्याचंही तिकीट फाडायचं, हा त्यांचा धर्म. साहेबांचा पाहुणा म्हणून त्याला तसंच सोडलं असतं, तर ते महामंडळाशी इमान ठरलं असतं का? तुमचं काम त्याच जातीचं आहे. शेततळ्यांवर जनतेचा पैसा खर्च झाला, तुमच्या पगारावरही जनतेचाच होतो. सरकार तो गोळा करतं आणि वाटतं. एका खर्चातून दुसऱ्या खर्चाची पाहणी झाली, तर पैसा देणाऱ्याचा, म्हणजे लोकांचा, त्यात फायदाच आहे. त्या घराचे वासे मोजायला कुणीतरी नेमावं लागतं, आणि अर्थशास्त्राच्या शिक्षकाइतकं योग्य माणूस दुसरं कोण? अण्णांना हे असं सांगून बघा. ते ऐकतील, असं मला वाटतं.

आता तुमच्या नोकरीची घडण नीट बघा, कारण भीती बहुतेक वेळा धूसरपणातून येते. तुमची नेमणूक संस्थेने केली. तिला मान्यता विद्यापीठाने दिली. मंजूर पदाचा पगार राज्य सरकार सहसंचालक कार्यालयामार्फत देतं. अभ्यासक्रम अभ्यास मंडळाने तयार केला आणि विद्या परिषदेने मंजूर केला. म्हणजे चार हात चार वेगळ्या कामांचे. पगार देणारा हात अभ्यासक्रम लिहीत नाही, अभ्यासक्रम लिहिणारा हात पगार देत नाही. अनुदानित महाविद्यालयातला शिक्षक राज्य सरकारचा कर्मचारी नसतो, हे आपल्याकडे शिक्षकसुद्धा विसरतात.

सरकारला काहीच अधिकार नाही, असं मात्र समजू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 हा 1 मार्च 2017 पासून लागू आहे. त्याचं कलम 8 एकदा शांतपणे वाचा. नवी पदं निर्माण करायची, वेतन-भत्ते बदलायचे, एका कामासाठी दिलेला निधी दुसरीकडे वळवायचा, जमीन विकायची किंवा भाड्याने द्यायची, सरकारवर खर्चाचा बोजा वाढेल असा निर्णय घ्यायचा, तर शासनाची पूर्वपरवानगी लागते. शासन लेखापरीक्षणही करू शकतं. हे सगळं रास्त आहे. जनतेचा पैसा घेणाऱ्याने पै-पैचा हिशेब द्यायचा असतो, त्यात कसला अपमान? पण त्या यादीत पद आहे, पगार आहे, जमीन आहे, निधी आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी अहवालात कोणता निष्कर्ष लिहावा, हे त्यात नाही. सरकारने हिशेब मागायचा आणि आपण तो द्यायचा. निष्कर्ष हिशेबात येत नाही.

ही रेघ कुठून आली, तेही सांगते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमधली विद्यापीठं आर्थिक अडचणीत आली. सरकारी मदतीशिवाय गत्यंतर नव्हतं, पण सरकारचा हात वर्गापर्यंत पोचायलाही नको होता. म्हणून 1919 मध्ये तिथे अनुदान समिती नेमली. अर्थखात्याने ठोक रक्कम द्यायची, आणि बहुतांशी विद्येच्या क्षेत्रातले जाणकार असलेल्या समितीने ती वाटायची. पुढे ही रक्कम पाच-पाच वर्षांसाठी ठरू लागली, म्हणजे दर वर्षी दारात उभं राहण्याची पाळी नाही. मध्ये एक भिंत उभी केली म्हणा ना. ती भिंत अभेद्य नव्हती. 1981 मध्ये थॅचर सरकारने पैसा आखडता घेतला, तेव्हा कपात कुणाची किती हे त्याच समितीला ठरवावं लागलं, आणि साल्फर्ड विद्यापीठाच्या अनुदानात चाळीस टक्क्यांहून जास्त घट झाली. 1989 मध्ये ती समितीच संपली. तरी सत्तर वर्षं ती टिकली, आणि जगभर तिच्याकडे बघून संस्था उभ्या राहिल्या.

आपल्याकडे 1948-49 मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग बसला. त्याच्या अहवालात स्वच्छ लिहिलं आहे की उच्च शिक्षणाला पैसा पुरवणं ही शासनाची जबाबदारी आहे, पण शासनाची मदत म्हणजे विद्येच्या धोरणावर आणि व्यवहारावर शासनाचा ताबा, असा अर्थ कुणी काढू नये. देश नुकता स्वतंत्र झाला होता, सरकार आपल्याच माणसांचं होतं, लोकांचा त्यावर विश्वास होता. त्या भराच्या काळात हे लिहिलं गेलं, म्हणून मला त्याची किंमत जास्त वाटते. नावडत्या सरकारपासून स्वातंत्र्य सगळेच मागतात.

त्यातूनच 1953 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग सुरू झाला आणि 1956 मध्ये त्याचा कायदा झाला. त्याच वर्षी अध्यक्ष झाले चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातला हा माणूस रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, मग सहा वर्षं केंद्रात अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि अनुदान आयोगात आले. 1961 पर्यंत तिथे होते, त्यानंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. पैसा देणारं खातं, तो वाटणारा आयोग आणि घेणारं विद्यापीठ, या तिन्ही खुर्च्यांवर बसलेला माणूस दुसरा सापडणं कठीण. ‘सरकारचा पैसा घेता, मग सरकारचं ऐका’ असं कुणी सुनावलं, तर चिंतामणरावांचं उदाहरण द्या. पैशाचा हिशेब त्यांच्यापेक्षा कडक कोण ठेवणार होतं?

तुमच्या शेततळ्यांकडे येते. तुमच्या मुलांनी जे केलं, त्याला महाराष्ट्रात फार मोठी परंपरा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या काळात गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी केली आणि 1948 मध्ये ती प्रसिद्ध झाली. सरकारने बांधलेल्या कालव्यांचा शेतकऱ्याला आणि परिसराला प्रत्यक्षात किती लाभ झाला, हे त्यांनी मोजलं. पुढे त्याच प्रवरा परिसरात विठ्ठलराव विखे पाटलांच्या खटपटीतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच. आणि 1967 मध्ये तेच योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. त्याच संस्थेचे संचालक राहिलेले वि. म. दांडेकर यांना राज्य सरकारने 1983 मध्ये प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती दिली. 1984 च्या अहवालात त्यांनी 3,186 कोटी रुपयांचा अनुशेष दाखवला. सरकारने नेमलेली समिती, आणि निष्कर्ष सरकारच्या आजवरच्या वाटपावरच बोट ठेवणारा. विदर्भ-मराठवाड्याच्या प्रश्नावर बोलणारा प्रत्येक जण अजून त्या आकड्यापासून सुरुवात करतो. दांडेकरांनी वरून फोन येईल म्हणून आकडा मवाळ केला असता, तर तो अहवाल एव्हाना कुणाला आठवला नसता.

शेततळ्यांच्या यादीत चार तळी कागदावरच आहेत, हे कृषी खात्यातल्या प्रामाणिक अधिकाऱ्यालाही हवंच असतं. त्याला ते कळायचा मार्ग कोणता? खात्यातलीच माणसं खात्याची तपासणी करणार. बाहेरचा, कुणाच्याही बढतीशी संबंध नसलेला डोळा फक्त तुमच्याकडे आहे.

तरी अनुदान अडेल ही प्राचार्यांची भीती पोकळ आहे, असं मी म्हणणार नाही. मंजूर पदाचा पगार अहवाल आवडला नाही म्हणून कुणी उद्या सकाळी बंद करू शकत नाही, त्याला रीत आहे. पण पगार बंद करावा लागतच नाही. पद भरायला ना हरकत लागते, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रम) तपासून घ्यावी लागते, मान्यता लागते. यातला कुठलाही कागद टेबलावरून नुसता हलला नाही तरी पुरतं. निम्मे तास सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर, चालवणाऱ्या प्राचार्याला त्या फाईलची काळजी वाटणारच. त्यांच्यावर राग धरू नका. त्यांच्याशी दार बंद करून बोला आणि विचारा की फोन नेमका कुणाचा होता, तोंडी होता की लेखी, आणि लेखी देण्याची त्या माणसाची तयारी आहे का. अनुभव असा आहे की असे फोन लेखी होत नाहीत.

आणि सरकार खरोखर रुसलं तर? तेही आपल्याकडे घडून गेलं आहे. 1948 मध्ये मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचं अनुदान थांबवलं. कर्मवीर भाऊराव पाटील सरकारवर परखड टीका करत, त्याचा तो राग होता. विचार करा, खेड्यापाड्यांतल्या शाळा, वसतिगृहातली गरीब पोरं, आणि एका सहीने अनुदान बंद. भाऊराव माफी मागायला गेले नाहीत, लोकांकडे गेले. पुढे अनुदान पुन्हा सुरू झालं. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. रयतला ते झेपलं, कारण तिच्या मागे मुष्टिफंडाचं मूठभर धान्य देणाऱ्या बायका होत्या, श्रमदान करणारी पोरं होती, जमीन देणारी गावं होती. ज्या संस्थेचा गावाशी संबंधच उरलेला नाही, तिला एका फोनची भीती वाटते. तुमच्या महाविद्यालयाला माजी विद्यार्थी किती आहेत, त्यांची शेवटची सभा कधी झाली, हे प्राचार्यांना विचारून बघा. त्याच रयतचे चेअरमन पुढे एन. डी. पाटील होते. ते एन्रॉनविरुद्ध, सेझविरुद्ध (विशेष आर्थिक क्षेत्रांविरुद्ध), टोलविरुद्ध रस्त्यावर उतरले. अनुदान घेणाऱ्या संस्थेच्या चेअरमनने गप्प बसायचं असतं, असं त्यांना कधी वाटलं नाही.

पण ताई, हे स्वातंत्र्य कसून केलेल्या कामावर उभं राहतं, म्हणून तुमच्या अहवालाबद्दल मी थोडी कडक होणार आहे. मी बरीच वर्षं मुलांचे असे अहवाल तपासले आहेत, आणि बहुतेक अहवाल एका विशेषणाने मरतात. मुलं तरुण असतात, संतापतात, ‘भ्रष्टाचार उघड’ असं लिहून मोकळी होतात. आणि मग समोरचा माणूस त्या एका शब्दाला धरून सगळी पाहणी फेकून देतो. तुमच्या अहवालात लिहा: ‘यादीत अमुक गटात शेततळ्याची नोंद आहे. अमुक तारखेला पाहणी केली असता जागेवर तळं आढळलं नाही.’ बस. ते कधी बुजवलं गेलं, गट फोडताना नंबर बदलला, की झालंच नव्हतं, हे तुम्हाला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं लिहू नका. चारही ठिकाणी पुन्हा एकदा जा, या वेळी सातबारा घेऊन आणि शेजारच्या शेतकऱ्याला सोबत घेऊन. तारीख आणि ठिकाणाची नोंद असलेले फोटो काढा. लाभार्थ्यांची नावं अहवालातून काढून टाका, गट नंबरही परिशिष्टात वेगळे ठेवा. कारण तुमचा विषय योजना आहे, शेजारचा शेतकरी नाही. चांगली निघालेली तळी आधी मांडा, किती आणि का चांगली तेही सांगा. ज्यांच्या तळ्यावर अस्तर आहे त्यांनी उन्हाळ्यात काय घेतलं, हे विचारलंत का? नसेल तर विचारा. योजनेबद्दल सगळ्यात उपयोगी माहिती तिथेच मिळेल.

मग अहवालाची एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना द्या आणि त्यांचं म्हणणं मागा, पंधरा दिवसांची मुदत देऊन. उत्तर आलं तर ते जसंच्या तसं जोडा. नाही आलं तर ‘उत्तर मागितलं, मिळालं नाही’ एवढंच लिहा. यानंतर अहवाल विभागात दाखल करा, ग्रंथालयात ठेवा, आणि तिन्ही ग्रामपंचायतींना एकेक प्रत द्या. ज्यांच्या शिवारात मुलं हिंडली त्यांना निष्कर्ष कळायला हवा. वर्तमानपत्राला मात्र आपणहून देऊ नका. बातमी झाली की अहवालाची उंची बातमीएवढी होते, असं माझं मत आहे. वेगळं मत असणारे आहेत, पण मी तुमच्या जागी असते तर दिला नसता.

आता भावाचा सल्ला. खासगी विद्यापीठात चांगलं काम करणारी माणसं आहेत आणि नोकरी बदलणं हा गुन्हा नाही. पण ‘तिथे स्वातंत्र्य आहे’ या भरवशावर जाऊ नका. सरकार नसलं तरी तिथे मालक असतोच, आणि त्याच्यासमोर उभं राहायला निवडून आलेली अधिसभा नसते. हरियाणातल्या सोनीपतचं अशोका विद्यापीठ सरकारी अनुदानावर चालत नाही, देणगीदारांच्या पैशावर उभं आहे. मार्च 2021 मध्ये प्रताप भानू मेहता तिथून बाहेर पडले, तेव्हा राजीनाम्यात त्यांनी लिहिलं की संस्थापकांशी भेट झाल्यावर आपलं इथे असणं राजकीय ओझं समजलं जाऊ शकतं हे स्पष्ट झालं. 2023 मध्ये 2019 च्या लोकसभा निवडणुकीवरच्या एका शोधनिबंधावरून वादळ उठलं आणि तो लिहिणारे अर्थशास्त्राचे तरुण प्राध्यापक सब्यसाची दास विद्यापीठ सोडून गेले. देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या खासगी विद्यापीठाची ही गोष्ट. देणगीदाराला जमीन, परवानगी, व्यवसाय यांसाठी सरकारची गरज असते, त्यामुळे सरकारची मर्जी मागच्या दाराने येतेच. तुमच्याकडे निदान पुढच्या दाराला कायद्याची कडी आहे.

आणि आपल्या अनुदानित महाविद्यालयांतही कित्येकदा संस्थाचालक आणि लोकप्रतिनिधी एकाच घरातले असतात. तुमच्या प्राचार्यांना आलेला फोन मंत्रालयातून आलेला नसून पलीकडच्या वाड्यातून आलेला असू शकतो. म्हणून स्वायत्तता म्हणजे केवळ सरकारपासून अंतर, असं मानलं तर आपण फसतो. विद्येचा निर्णय विद्येच्या लोकांकडे असावा, मग दुसरा हात कुणाचाही असो.

विद्येच्या लोकांचंही चुकतं, आणि चुकलं की पोरं भरडली जातात, हेही मी लपवणार नाही. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने पुरेशी तयारी न करता सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. निकाल महिनोन्महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश हुकले, शेवटी कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, कुलगुरूंना पदावरून दूर केलं. तो निर्णय कोणी सरकारने लादला नव्हता. विद्यापीठाच्या आतलं कुणी वेळेवर उभं राहून ‘तयारी दाखवा’ असं पुरेशा जोराने म्हणालं नाही. स्वतंत्र राहायचं असेल, तर एकमेकांना जाब विचारण्याचं नकोसं काम आपणच करायचं असतं. अधिसभा त्यासाठीच आहे.

म्हणून तुमचे सहकारी म्हणतात ते बरोबर आहे. उभ्या राहा.

कायद्यात अधिसभेकडे विद्यापीठाचे वित्तीय अंदाज आणि अर्थसंकल्प यांचा मुख्य अधिकार आहे, आणि अभ्यासक्रमांबद्दल समाजाचं म्हणणं विद्यापीठापर्यंत पोचवण्याचं कामही तिचंच. महाविद्यालयीन शिक्षकांमधून दहा, नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा, प्राचार्यांमधून दहा असे सदस्य निवडून येतात. या जागांना किंमत नसती तर त्यांच्या निवडणुका कुणी अडवल्या नसत्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर गटाचं बघा. आधीच्या अधिसभेची मुदत 2022 मध्ये संपली. 2023 ची निवडणूक ऐन वेळी थांबवली गेली. 2024 च्या सप्टेंबरमध्ये मतदान दोन दिवसांवर आलेलं असताना शासनाच्या पत्रावरून पुन्हा स्थगिती आली, तेव्हा उमेदवार उच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाच्या आदेशाने 24 सप्टेंबरला मतदान झालं. कुठला पक्ष जिंकला हे इथे गौण आहे. दोन वर्षं त्या विद्यापीठाच्या अर्थसंकल्पावर पदवीधरांतर्फे बोलायला कुणी नव्हतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

त्याआधी, डिसेंबर 2021 मध्ये, उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करणारं आणि कुलगुरू निवडीत शासनाचा हात वाढवणारं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं होतं. त्याचा कायदा झाला नाही, सत्ताबदलानंतर ते मागे घेतलं गेलं. त्या वेळी सगळी चर्चा राजभवन की मंत्रालय, याच दोन टोकांमध्ये झाली. विद्यापीठाचा कुलगुरू निवडताना विद्यापीठाचं म्हणणं किती वजनाचं असावं, हा प्रश्न जवळजवळ कुणी विचारलाच नाही. राज्यपाल आणि मंत्री यांच्यातली रस्सीखेच कुणीही जिंकली तरी विद्यापीठ स्वतंत्र होत नाही. तुम्ही निवडून आलात, तर हा प्रश्न विचारणाऱ्या एक तरी व्हाल.

तिथे गेल्यावर भाषणं करू नका, अर्थसंकल्पाचं पुस्तक वाचा. मी अधिसभेत बसलेली आहे, म्हणून सांगते. मार्चच्या बैठकीआधी ते जाडजूड पुस्तक येतं आणि बहुतेक सदस्य ते बैठकीच्या टेबलावरच उघडतात. त्यात मागच्या वर्षीची तरतूद, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च आणि पुढची तरतूद असे रकाने शेजारी शेजारी असतात. एक पेन्सिल घ्या आणि तरतूद मोठी पण खर्च नाममात्र असलेल्या ओळींवर खुणा करा. आम्हाला संशोधनाच्या आणि विद्यार्थी कल्याणाच्या ओळींवर अशा खुणा दर वर्षी कराव्या लागायच्या. मुदतीच्या आत लेखी प्रश्न द्या, प्रश्न एका वाक्याचा ठेवा, आकडा मागा. तुम्ही अर्थशास्त्राच्या आहात, तुम्हाला हे इतरांपेक्षा सोपं जाईल. परीक्षा शुल्कातून आलेला पैसा कुठे गेला, लेखापरीक्षकाच्या आक्षेपांपैकी किती निकाली निघाले, महाविद्यालयांच्या क्षेत्रीय प्रकल्पांसाठी प्रवासखर्चाची तरतूद आहे का. हा शेवटचा प्रश्न तर तुमच्याच मुलांचा आहे. शिवारात जायला त्यांनी पदरचे पैसे घातले असणार, पत्रात नसलं तरी मी ओळखते.

या आठवड्यात एवढं करा. तुमच्या नेमणुकीच्या विद्यापीठ-मान्यतेच्या पत्राची प्रत शोधून ठेवा, कारण शिक्षक मतदारयादीत नाव असायला ती लागते. कच्ची यादी लागली की हरकतींना दिवस थोडे मिळतात. प्राचार्यांशी बोला. चार जागांच्या फेरपाहणीची तारीख ठरवा. आणि मुलांना एकत्र बसवून विचारा की अहवालावर आपलं नाव असावं असं कुणाकुणाला वाटतं. ज्याला भीती वाटत असेल, ज्याच्या घरचं कुणी पंचायतीत असेल, त्याचं नाव निमूटपणे वगळा आणि त्याच्या गुणांना धक्का लागू देऊ नका. मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव मात्र पहिल्या पानावर हवं.